आज्ञावलीची किल्ली कोणाच्या हाती?

या स्मरणिकेसाठी जुने साहित्य गोळा करताना आमच्यासमोर एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. पूर्वीच्या एका अंकाचा मजकूर सीडीवर जपून ठेवलेला होता. परंतु तो संगणकावर उघडताच पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी अर्थहीन चिन्हांच्या ओळी उमटल्या. ज्या सॉफ्टवेअरमध्ये व फाँटमध्ये तो जुळवला होता, ते आता उपलब्ध नव्हते. अखेर छापील प्रत समोर ठेवून सारा मजकूर नव्याने टंकित करावा लागला. लेख आपल्याच विद्यार्थ्यांचे, भाषा आपली. किल्ली मात्र परक्या हाती! या अनुभवानेच प्रस्तुत विषयाकडे आमचे लक्ष वेधले.

संगणक ज्या सूचनांनुसार चालतो, त्या सूचनांच्या संचास आज्ञावली अर्थात सॉफ्टवेअर म्हणतात. बहुतेक कंपन्या या सूचनांचा मूळ मजकूर गुप्त ठेवतात व केवळ वापरण्याचा परवाना विकतात. याउलट मुक्तस्रोत आज्ञावली कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता व इतरांना वाटता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली घोषित केलेला 'ग्नू' प्रकल्प आणि 1991 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले 'लिनक्स' हे या परंपरेचे दोन आधारस्तंभ होत.

विकसनशील देशांत या आज्ञावलीचा स्वीकार केवळ ती स्वस्त आहे म्हणून होतो, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. पेरू देशाचे उदाहरण पाहावे. शासकीय कार्यालयांत मुक्त आज्ञावलीच वापरावी, असे विधेयक तेथे मांडले गेले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या पेरू शाखेने त्यास लेखी आक्षेप घेतला. एप्रिल 2002 मध्ये लोकप्रतिनिधी एडगर व्हिलानुएव्हा यांनी त्या आक्षेपांना सविस्तर उत्तर दिले. सार्वजनिक माहिती नागरिकांना मुक्तपणे मिळावी, ती काळाच्या ओघात टिकावी आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता अबाधित राहावी, ही त्यांची तीन तत्त्वे होती. खर्चाची बचत हा त्यांच्या दृष्टीने मुख्य मुद्दा नव्हता. पुढे 2005 साली जो कायदा झाला, त्यात मात्र सक्ती उरली नाही. तांत्रिक मूल्यमापन करून कोणतीही आज्ञावली निवडण्याची मुभा राहिली. युक्तिवाद कितीही सबळ असला, तरी निर्णय शेवटी राजकीय बलाबलावर ठरतो, हेच यातून दिसते.

आपल्याच देशातील केरळची वाटचाल याहून वेगळी ठरली. तेथे 2001 साली 'आयटी ॲट स्कूल' हा शालेय संगणकशिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. आरंभी अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या आज्ञावलीभोवती गुंफलेला होता. त्यास शिक्षकांच्या संघटनेने हरकत घेतली : शाळेने संगणक शिकवावा, की एका कंपनीचे ग्राहक घडवावेत? त्याच वर्षी तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन झाले होते. त्यामुळे या प्रश्नास तज्ज्ञांचे बळ लाभले. 2006 नंतर राज्य शासनाचे स्पष्ट पाठबळ मिळाले आणि शाळा मुक्त आज्ञावलीकडे वळल्या. पुढे सरकारे बदलली. वाट बदलली नाही. कारण ती वाट शिक्षकांनी स्वतः चालून पक्की केली होती. निवडक शिक्षकांनी प्रशिक्षण घेतले व इतरांना दिले.

भाषाप्रेमींचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. टंकलेखन यंत्राच्या सोयीसाठी 1971 साली मल्याळम लिपीतील अनेक जोडाक्षरे शासकीय आदेशाने सुटी करण्यात आली होती. संगणकावर ही अडचण उरली नाही, हे ओळखून 'रचना' चळवळीने पारंपरिक लिपीचा आग्रह धरला व त्या लिपीचा फाँट पुढे सर्वांसाठी खुला झाला. 'स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग' या गटाच्या स्वयंसेवकांनी संगणकाची भाषाच मल्याळम करण्याचे काम अंगावर घेतले. हे करण्यासाठी त्यांना कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

अर्थात मुक्त म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. परवान्याचे पैसे वाचले, तरी शिक्षकांचे प्रशिक्षण, दुरुस्ती व सातत्य यांसाठी खर्च करावाच लागतो. शिवाय बाहेरचा दबावही असतो. इंडोनेशियाने आपल्या कार्यालयांना मुक्त आज्ञावली वापरण्याचे आवाहन केले, तेव्हा 2010 साली अमेरिकेतील एका उद्योगसंघटनेने त्याविरुद्ध आपल्या सरकारकडे तक्रार नोंदवली.

तात्पर्य, कोणती आज्ञावली वापरावी हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो शिक्षकांचा, पालकांचा, भाषाप्रेमींचा आणि मतदारांचाही आहे. आमच्यापुरते म्हणावयाचे, तर या स्मरणिकेचा सर्व मजकूर आम्ही या वेळी युनिकोडमध्ये जुळवून मुक्त स्वरूपात जतन केला आहे. पाऊल लहान आहे. परंतु पंचवीस वर्षांनी या शाळेचा एखादा विद्यार्थी हा अंक उघडील, तेव्हा त्याला चिन्हांच्या नव्हे, तर अक्षरांच्या ओळी दिसाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुटीतले चार दिवस शाळेच्या संगणककक्षाला द्यावेत, अशी त्यांना आग्रहाची विनंती.