चिकटलं पाहिजे, पण सुटलंही पाहिजे

लेबल हा काय लेख लिहायचा विषय आहे का? मलाही आधी असंच वाटायचं. पण गेल्या मे महिन्यात कोनला आमच्या घरी जे घडलं, त्यानंतर बाटलीवरचा कागदाचा तुकडा ही मला फार सीरियस गोष्ट वाटायला लागली.

कोन म्हणजे कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्यावर लागणारं आमचं गाव. घरात हळद होती. आईने कोकम सरबताचा अर्क करून भंगारवाल्याकडून आणलेल्या, स्वच्छ धुतलेल्या बिअरच्या बाटल्यांत भरला होता. लेबलांचं काम माझ्याकडे. मी कॉम्प्युटरवर झकास डिझाईन केलं, घरच्या इंकजेटवर प्रिंट काढली आणि ग्लू-स्टिकने चिकटवली. हळदीच्या दिवशी बाटल्या बर्फाच्या टबात ठेवल्या. अर्ध्या तासात शाई पसरली आणि लेबलं पाण्यावर तरंगायला लागली.

इथपर्यंत फक्त हसण्याचा विषय होता. पण मोरीत तशाच तपकिरी बाटलीत सुटं काळं फिनाईल भरून ठेवलेलं होतं. गडबडीत कुणीतरी ती बाटली ओट्यावर आणून ठेवली. आजीने त्यातलं थोडं ग्लासात ओतलं, वर पाणी घातलं आणि ओरडली, "अगो बाय, यो कोकम पांढरा कसा जाला?" काळं फिनाईल पाण्यात पडलं की दुधासारखं होतं, कारण त्यातल्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात आणि प्रकाश विखुरतात. ते इमल्शन झालं नसतं तर ग्लास सरळ पाहुण्यांच्या हातात गेला असता. दोष आजीचा नव्हता. त्या क्षणी दोन्ही बाटल्या सारख्याच दिसत होत्या, आणि त्या सारख्या दिसायला माझी लेबलं कारणीभूत होती.

रात्री न्यू जर्सीच्या मावसभावाला फोन केला. तो छंद म्हणून घरी बिअर बनवतो. (अमेरिकेत 1978 साली सही झालेल्या कायद्यामुळे घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असलं काही करणं गुन्हा आहे. तेव्हा हॉस्टेलवाल्यांनी उगाच स्फुरण चढवून घेऊ नये!) मी म्हटलं, "दादा, लेबलं सुटतात रे." तो म्हणाला, "दूध लाव."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण यामागे केमिस्ट्री आहे. दुधातल्या प्रोटीनचा सुमारे 80 टक्के भाग केसिन असतो. कागदाच्या मागे दुधाचा पातळ हात फिरवला की पाणी कागदात मुरून उडून जातं आणि केसिनची फिल्म काच व कागद यांना धरून ठेवते. साय काढलेलं दूध घ्यावं, कारण स्निग्धांश चिकटण्याच्या आड येतो.

आता कृती. जुनं लेबल काढायला बाटली कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवा. चिकट राहिलंच तर खोबरेल तेल चोळा आणि साबणाने धुवा. साध्या कागदावर 9 बाय 6.5 सेंमीची लेबलं छापा. एका ए-फोरमध्ये नऊ बसतात. प्रिंट लेझरची किंवा झेरॉक्सची हवी. तिचा टोनर म्हणजे वितळून बसलेलं प्लॅस्टिक, ते पाण्याने पसरत नाही. दूध ब्रशने लावा, लेबल मधून कडांकडे दाबत न्या, सांडलेलं दूध ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर वाळू द्या.

आजीचा उपाय मैद्याच्या खळीचा. तीही छान चिकटते, पण झुरळांना आवडते. बुरशी लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, खाण्यापिण्याच्या बाटलीला अजिबात नको. पांढरा फेव्हिकॉल घट्ट बसतो, पण नंतर काढताना नाकी नऊ येतात.

आणि इथेच खरी गंमत आहे. ज्या काचेच्या बाटल्या परत भरल्या जातात, त्यांच्या लेबलांना बिअर कंपन्यासुद्धा प्रक्रिया केलेला केसिनचा गम वापरत आल्या आहेत. बर्फाच्या पाण्यात लेबल टिकलं पाहिजे आणि बाटली परत आल्यावर गरम कॉस्टिकमध्ये झटकन सुटलंही पाहिजे. केसिन अल्कलीत विरघळतं, म्हणून हे जमतं. आमच्या भिवंडीत सायझिंगवाले हेच करतात. मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात आणि कापड विणून झालं की ती धुऊन काढतात. म्हणजे गम किती पक्का हा अर्धाच प्रश्न झाला. तो कधी सुटायला हवा, हे आधी ठरवायचं.

साधं दूध फ्रिजच्या दवाला पुरतं, बर्फाच्या टबात फार वेळ पुरत नाही. म्हणून टबातल्या बाटल्यांच्या मानेला आता आम्ही दोऱ्याने टॅगही बांधतो. लेबलवर नाव, भरल्याची तारीख आणि एका ग्लासला किती अर्क घ्यायचा ते लिहितो. (विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायदा, 2006 प्रमाणे नोंदणी लागते.)

फिनाईलचं काय? त्याचं लेबल कधीच सुटायला नको. पण खरं उत्तर लेबलात नाहीच. ते खाण्यापिण्याच्या बाटलीत भरायचंच नाही. आम्ही त्याला चौकोनी पांढरा कॅन आणला आणि त्यावर ऑइलपेंटने लाल फुली मारली. आजीला वाचता येत नाही, फुली मात्र कळते.

जाता जाता एक विनंती. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये खिडकीत कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलेलं आहे. हा लेख वाचून झाल्यावर कुणीतरी आधी ते बघा.