पाकिटामागचा ‘६३१’: चटपटीत खाऊत नेमके काय दडलेले असते?

आदिलाबादच्या बसस्थानकाजवळची टपरी असो, बेला किंवा जैनथमधले किराणा दुकान असो, नाही तर पौष अमावास्येला केसलापूरला भरणारी नागोबाची जत्रा असो, पाच-दहा रुपयांच्या रंगीत पाकिटांच्या माळा सर्वत्र सारख्याच लटकलेल्या दिसतात. दर्शनी बाजूस टोमॅटो, पुदिना, मसाला यांची चित्रे आणि कोपऱ्यात शाकाहाराची हिरवी खूण. पाकीट उलटे केले की मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी लागते आणि तिच्या शेवटी आकडे येतात: आयएनएस ६२७, आयएनएस ६३१, आयएनएस ३३०. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापली तरी पुरते. मराठी किंवा तेलुगूची सक्ती नाही. त्यामुळे दोन भाषा बोलणाऱ्या या जिल्ह्यात कित्येक घरांत पाकिटाची मागची बाजू कोणी वाचतच नाही, आणि वाचली तरी आकड्यांपाशी वाचन थांबते.

आयएनएस ही खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांची आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धती आहे. क्रमांक असणे म्हणजे ते द्रव्य घातक किंवा कृत्रिम असणे नव्हे. आयएनएस ३०० हे आवळ्यात व लिंबात असणारे क जीवनसत्त्व, तर आयएनएस १०० हा हळदीचा पिवळा रंग. खरा प्रश्न वेगळा आहे. क्रमांकावरून द्रव्य कोणते ते कळते. ते कशापासून काढले, हे कळत नाही. आणि भारतीय घरात नेमका तोच प्रश्न आधी विचारला जातो.

श्रावण लागला की मोबाइलवर फिरू लागणारा ‘६३१ म्हणजे डुकराची चरबी’ हा संदेश याच पोकळीत वाढला. तो जसाच्या तसा खरा नाही. आयएनएस ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. ती चरबीच नव्हे, मिठासारखे दिसणारे चूर्ण आहे. मांस व मासळी यांच्या चवीला जे खोल, मांसल अंग असते, त्यामागे हे द्रव्य असते. जपानमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाच्या रश्श्यातून शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये ते ओळखले. त्याआधी १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालातून ग्लुटामेट वेगळे केले होते. तेच आज आयएनएस ६२१, म्हणजे बोलीतले अजिनोमोटो. ही द्रव्ये एकत्र आली की एकमेकांची चव कित्येक पटींनी वाढवतात. म्हणूनच चिमूटभर मसाला लावलेली बटाट्याची काप हातातून सुटत नाही.

इनोसिनेट मांस किंवा मासळीपासून काढता येते; पिष्ट किंवा साखर आंबवून सूक्ष्मजीवांकरवीही तयार करता येते. दोन्हींचा रासायनिक रेणू एकच, क्रमांकही एकच. पाकिटावर हिरवी खूण असेल तर उत्पादक दुसऱ्या मार्गाने केल्याची हमी देत असतो. पण ती हमी त्याच्याच शब्दावर उभी असते. राम गौ रक्षा दल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी नेमके यावरच बोट ठेवले. घटकाचे नुसते सांकेतिक नाव छापून भागणार नाही. तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत तयार झाला, हेही सांगावे, आणि प्राणिज अंश कितीही अल्प असला तरी तो पदार्थ मांसाहारीच धरावा, असे न्यायालयाने बजावले. आपण काय खातो हे जाणण्याचा हक्क जगण्याच्या आणि धर्मपालनाच्या मूलभूत हक्कांशी न्यायालयाने जोडला. निकालाला इतका काळ लोटूनही दुकानातल्या पाकिटांवर ‘६३१’ पुढे उगमाचा शब्द क्वचितच आढळतो, हे कोणीही एखादे पाकीट उलटून पाहू शकतो.

रंगांची गोष्ट अधिक जुनी आहे. आयएनएस १२०, म्हणजे कार्माइन, हा लाल-गुलाबी रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनियल किड्यांपासून निघतो. पेरू हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश. एक पौंड रंगासाठी सुमारे ७० हजार किडे वाळवून दळावे लागतात. किळस बाजूला ठेवली तरी काही मोजक्या व्यक्तींना या रंगाची तीव्र ॲलर्जी होते. त्यामुळे अमेरिकेने २०११ पासून त्याचे नाव पाकिटावर स्पष्ट छापणे बंधनकारक केले. आपल्याकडच्या नियमांत कीटकांपासून आलेला घटक मांसाहारी ठरतो, म्हणून कार्माइन असलेल्या पाकिटावर तपकिरी त्रिकोणाची खूण हवी.

मग चकचकीत गोळ्यांवरचा थर? तो बहुधा आयएनएस ९०४, म्हणजे लाखेचा असतो. लाख हाही किडाच तयार करतो. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर हा कीटक वसतो आणि त्याच्या स्रावाचे कवच खरवडून लाख मिळते. हैदराबादच्या लाड बाजारातल्या बांगड्यांची लाख आणि लहान मुलाच्या जिभेवर विरघळणाऱ्या गोळीची चकाकी एकाच कुळातली. तरीही अशा गोळीवर हिरवी खूण चालते, कारण २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाशांचे मेण, कार्नोबा मेण आणि लाख वगळलेली आहेत. (कार्नोबा मेण तर ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते, ते या वगळलेल्यांच्या यादीत का बसवले, हे एक कोडेच आहे.) थोडक्यात, हिरवी खूण कायद्याच्या व्याख्येने शाकाहारी असते, घरातल्या व्याख्येने असेलच असे नाही. ज्या घरांत मधही वर्ज्य असतो, त्यांना हा फरक ठाऊक असायला हवा.

जिलेटिनबाबत संदिग्धता नाही. ते जनावरांची कातडी व हाडे उकळूनच मिळते. हिरव्या खुणेच्या जेलीत त्याऐवजी पेक्टिन किंवा समुद्रशैवालाचे अगार असते. पावाचे पीठ मऊ करणारे आयएनएस ९२० पूर्वी पक्ष्यांची पिसे आणि माणसाचे केस यांपासून काढले जाई. आता ते आंबवूनही बनते. युरोपीय संघाने माणसाच्या केसांचा वापर नियमानेच बंद केला आहे.

इथे एक पळवाट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणमूल्ये छापण्याची गरज नाही. ती मोठ्या, घाऊक वेष्टनावर असली की पुरते. म्हणजे लाख, जिलेटिन, कार्माइन ज्यांत असण्याची शक्यता सर्वाधिक, त्या रुपया-दोन रुपयांच्या सुट्या गोळ्या मुलाच्या हाती यादीविनाच पडतात. यादी असते ती दुकानदाराच्या बरणीवर किंवा खोक्यावर.

पाकिटातला प्रत्येक अनोळखी शब्द मात्र दूरदेशीचा नसतो. आयएनएस ४१६ म्हणजे कराया डिंक: कांडोळाच्या सालीला चीर दिल्यावर ओघळणारा. आदिलाबादच्या जंगलांतून गोंड आणि कोलाम कुटुंबे तो गोळा करतात आणि गिरिजन सहकारी महामंडळ विकत घेते. सॉस व गोठवलेल्या गोड पदार्थांना दाटपणा आणणारा हाच डिंक दातांची कवळी बसवण्याच्या चूर्णातही वापरतात. आयएनएस ३२२, म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनपासून मिळते, आणि सोयाबीन इथल्या काळ्या जमिनीतले ओळखीचे पीक आहे. सोयाच्याच पेंडीतली प्रथिने आम्लाने फोडून ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ नावाचा चविष्ट घटक बनतो. त्यात ग्लुटामेट आपसूक उतरते. म्हणून यादीत ६२१ नसला तरी ग्लुटामेट नाहीच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सरकीचेही तसेच. आदिलाबादच्या बाजार समितीत कापूस विकणारा शेतकरी जिनिंगनंतर सरकीचे काय होते ते जाणतो: तेल आणि पेंड. पेंड गुरांपुढे जाते. तेल शुद्ध होऊन ‘कॉटनसीड ऑइल’ या नावाने फरसाणाच्या पाकिटात परत येते. कच्च्या तेलात गॉसिपॉल हे विषारी पिवळे द्रव्य असते. ते शुद्धीकरणात काढले जाते. पेंडीवरून सरकी ओळखणाऱ्याला ती खाद्यतेलाच्या यादीत वाचून क्षणभर कसेतरी होईल, पण शुद्ध केलेल्या तेलात भिण्यासारखे काही नाही.

इथेच या सगळ्या विषयाची गोम आहे. किळस एक गोष्ट सांगते आणि शरीर दुसरी. किड्याचा रंग, झाडाचा डिंक, लाखेची चकाकी यांनी अंगावर शहारा येतो; पण ही द्रव्ये पदार्थात नखाएवढी असतात आणि बहुतेकांना त्यांचा काही अपाय होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत तर शंभर ग्रॅम चॉकलेटमध्ये कीटकांचे सरासरी ६० तुकडे सापडेपर्यंत कारवाई होत नाही; शेतात पिकलेल्या मालात एवढे येणारच, हे तिथे गृहीत धरले आहे. ज्याने खरोखर नुकसान होते ते घटक मात्र किळसवाणे वाटतच नाहीत. ते स्वयंपाकघरात रोज दिसतात: तेल, मीठ, साखर, मैदा.

यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बहुतेक कुरकुरीत पदार्थांत पहिल्या दोन-तीन नावांत ‘पामोलिन’ दिसते. हे तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. स्वस्त, वासहीन आणि वारंवार तापवूनही लवकर न खवळणारे म्हणून उद्योगाला प्रिय. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाच्या तुलनेत त्यात संपृक्त मेद कितीतरी अधिक. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर मात्र भारताने चांगला लगाम घातला: १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात त्याची मर्यादा दोन टक्के आहे.

मिठाचा हिशेब कोणालाही करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुष्कळ झाले, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम सोडियम. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा, शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ५० ग्रॅमचे आहे. मग ते संपवताना एक ग्रॅम मीठ पोटात गेले, दिवसाच्या मर्यादेचा पाचवा भाग. भाजी, लोणचे, पापड अजून बाकीच आहेत. ‘प्रति सर्व्हिंग’ हा स्तंभ वाचताना सावध राहावे, कारण तिथली सर्व्हिंग पाकिटापेक्षा बरीच लहान असू शकते आणि अर्धे पाकीट ठेवून उठणारे मूल दुर्मीळ. हे आकडे मागे दडवण्याऐवजी दर्शनी भागावर इशाऱ्याच्या स्वरूपात यावेत, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने त्यासंबंधीच्या तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती.

सुट्या फरसाणाला तर पाठही नसते आणि पोटही, म्हणजे यादीच नसते. तिथे धोका वेगळा. तळणीचे तेल पुन:पुन्हा तापले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ म्हणून ओळखली जाणारी घातक द्रव्ये साचतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. डोळ्यांना कळणारी लक्षणे म्हणजे काळपट रंग, जाडसर फेस आणि धूर. भडक गुलाबी रंगाचीही धास्ती घ्यावी. कापड रंगवण्याचा ऱ्होडामिन-बी हा रंग सापडल्यामुळे तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घातली. आणि भजी वर्तमानपत्रात बांधून देण्याविरुद्ध अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वारंवार सूचना काढल्या आहेत, कारण छपाईच्या शाईतली शिसे यांसारखी द्रव्ये तेलात उतरतात. मराठी दैनिकाचा कागदही त्याला अपवाद नाही.

शंका आली तर काय करावे? प्राधिकरणाच्या १८००-११२-१०० या निःशुल्क क्रमांकावर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते. चुकीच्या किंवा फसव्या लेबलासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फारशी माहीत नसलेली तरतूद मात्र अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० मध्ये आहे. कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसे सांगावे लागते. अहवालात दोष आढळला तर भरलेले शुल्क परत मिळते. तेलंगणची राज्य अन्न प्रयोगशाळा हैदराबादला नाचारम येथे आहे. आदिलाबादहून सुमारे तीनशे किलोमीटरवर.