नाणे खरे की खोटे? आधी जीव सांभाळा

आजीच्या डब्यातली गिनी, माळेतली पुतळी किंवा ‘नांगरताना हंडा सापडला’ असे सांगून कुणी स्वस्तात देऊ केलेली मोहर. सोने खरे का, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच. मात्र तो सोडवण्याचे काही घरगुती मार्ग थेट रुग्णालयात पोहोचवतात.

सर्वांत धोक्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल. पितळेवर ते हिरवे फेसाळते, चांगल्या सोन्यावर फारसे काही करत नाही. सराफ कसोटीच्या दगडावरील बारीक रेघेवर त्याचा थेंब सोडतो. पण घरी वाटीभर तेजाबात पितळी नाणे टाकले, तर तांबूस धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरे वाटते आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठून धाप लागते. म्हणून हा धूर छातीत गेला असेल, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालय गाठा. आम्ल अंगावर वा डोळ्यात उडाल्यास किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, सोडा काहीही लावू नका.

दाताने चावून पाहण्यातही अर्थ नाही. शिसेही मऊच असते. लोहचुंबकाने फक्त लोखंड पकडले जाते, पितळ निसटते.

बिनधोक परीक्षा पाण्याची. सोन्याची घनता १९.३, पितळेची सुमारे ८.५. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. ब्रिटिश गिनी २२ कॅरटची, ७.९९ ग्रॅमची. बुडवल्यावर काटा सुमारे ०.४५ ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाचे पितळ ०.९४ दाखवेल, म्हणजे दुप्पट. नाण्याला कडी डाखलेली असेल तर हा हिशेब चुकतो.

हॉलमार्क केंद्रातील क्ष-किरण यंत्र धातूचे प्रमाण सांगते, पण ते मुख्यतः पृष्ठभागाचे. जाड मुलामा त्याला चकवू शकतो. एका लक्षणावरून आम्ही रोगनिदान करत नाही, तसेच इथे. दोन्ही चाचण्या जुळायला हव्यात.

त्यानंतरही ‘जुने’ हे सिद्ध होत नाही. शिवाजी महाराजांच्या होनावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. अस्सल होन अतिशय दुर्मीळ, त्याची किंमत सोन्याच्या कितीतरी पट. आज खऱ्या सोन्यात केलेली नक्कल धातूच्या सगळ्या चाचण्या पार करेल. भिंगातून पाहा. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे रेखीव असतात. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे, कडेला जोडाची रेघ आढळते. शेवटचा शब्द नाणेतज्ज्ञाचा. तोवर नाणे चिंच किंवा पावडरीने घासू नका.

आपल्या जिल्ह्यात पवनारसारखी प्राचीन गावे असल्याने हंड्याची गोष्ट चटकन पटते. ठग तपासायला एक खरे नाणे देतात, पिशवीत मात्र पितळ भरतात. आणखी एक ध्यानात ठेवा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. तेव्हा ते गुपचूप विकणारा एकतर खोटे बोलतो किंवा कायदा मोडतो. दोन्ही वेळी उत्तर एकच: घेऊ नका.