दिवेआगरचं घरगुती घर

दिवेआगरच्या मुख्य रस्त्यावर दर चार घरांआड एक पाटी दिसते: 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. पाटी अलीकडची, तिच्यामागचं घर मात्र जुनं. ही घरं रस्त्याला अरुंद आणि आत लांबच लांब. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर आणि तिथून सुरूच्या बनाकडे जाणारी नारळी-पोफळीची वाडी.

गाव फार जुनं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा इथला ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. पण गावाचं अर्थकारण पालटलं ते १७ नोव्हेंबर १९९७ ला. एका पोफळीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणेशमुखवटा सापडला. दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली, त्यांना मुक्कामाला जागा हवी होती, आणि गावकऱ्यांनी आपलीच दारं उघडली. पुढे पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेनंही अशा घरांना हात दिला. मार्च २०१२ मध्ये मुखवटा चोरीला गेला, तरी पाहुणे येत राहिले. तोवर त्यांना समुद्राची आणि या घरांचीही ओढ लागली होती.

घराची बांधणी नीट पाहावी. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. हा दगड खाणीत मऊ असतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा, म्हणून छप्पर उतरतं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतकं पुढे आलेलं. आढ्यापासून खाली वासे, त्यांवर आडव्या रिपा, रिपांवर कौलं. पूर्वी नळीची कौलं असत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यावर खाचेत खाच बसणारं मंगलोरी कौल हळूहळू किनाऱ्याभर पसरलं. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. माळ्यावर सुपारी-नारळ साठवतात आणि त्या माळ्यामुळेच खालचं माजघर भर वैशाखात गार राहतं.

माझ्या मते उत्तम रूपांतर तेच, ज्यात घर कमीत कमी हललं. बाजूच्या पडवीत भिंत घालून खोल्या काढल्या, मागे न्हाणीघरं बांधली, बाकी सगळं जागच्या जागी. ओटीवरचा झोपाळा पाहुण्यांचा झाला. माजघरात पंगत बसते: केळीच्या पानावर वालाचं बिरडं, सोलकढी आणि आदल्या दिवशी सांगितले असतील तर उकडीचे मोदक. घरच्यांचं स्वयंपाकघर मात्र घरच्यांचंच राहतं. जिथे जुनं घर पाडून स्लॅबची इमारत उभी केली, तिथे खोल्या वाढल्या, पण दुपारी यंत्राशिवाय बसवत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने कौलं उडवली, माड-पोफळी आडव्या केल्या. टाळेबंदीत पाहुणे नव्हतेच, त्यात समोर पावसाळा. अनेकांनी हाताला लागले ते पत्रे ठोकले. त्यांना नावं कशी ठेवायची? नव्याने लावलेली पोफळ धरायलाच पाच-सात वर्षं जातात.

तरीही काही घरांवर पुन्हा कौल चढलं. शाकारणी करणारी जाणती माणसं आता मोजकीच, त्यामुळे मे महिन्यात त्यांच्यासाठी वाट पाहावी लागते. कुठे जुनं घर उतरवलं जात असेल तर तिथली शाबूत कौलं आणून, धुऊन, मागच्या पडवीत रचून ठेवतात. आपल्या छपराचं एखादं कौल फुटलं तर जोडीचं हाताशी असावं म्हणून.