कर खात्याचा फोन आला, तर आधी थांबा

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुले अमेरिकेत फोन लावून कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करत. ‘कर थकला आहे, आत्ताच भरा, नाहीतर अटक,’ एवढ्या धमकीवर लोक पैसे देऊन मोकळे होत.

तीच युक्ती आता आपल्या दारात आली आहे. मनीषनगरात काय किंवा आणखी कुठे काय, विवरणपत्र भरले की आपण रिफंडची वाट पाहू लागतो. नेमका तेव्हाच ‘रिफंड मंजूर, लिंकवर खाते क्रमांक भरा’ असा मेसेज येतो.

म्हणून चार गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवू या. आयकर खाते ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. रिफंड पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून, काही अपवाद सोडता, खात्याच्या नोटिशीवर ‘डिन’ हा क्रमांक असतो. तो आयकर पोर्टलवर तपासता येतो. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ असे कायद्यात काहीच नाही.

फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची आशा जास्त. आमची एक विनंती आहे: अशा वेळी अम्मी-अब्बांवर रागावू नका. बोलणी बसतील या भीतीने माणूस गप्प राहतो, आणि ठगाला तेवढाच वेळ पुरतो.