शेकरू पाहायला गेलो, नदी समजून आलो

आम्ही चाकणच्या बचत गटांच्या बाया. दरवर्षी भीमाशंकरला जातो, दर्शन घेतो, गाडीत बसतो. यंदा ठरवलं, जंगलही बघायचं. राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव करत सकाळीच पोचलो.

हे जंगल १९८५ साली अभयारण्य झालं, ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडावरून झाडावर वीसेक फुटांची उडी मारतं. उंच झाडांच्या बारीक फांद्यांवर एक नाही, अनेक घरटी बांधतं. म्हणून त्याला फांदीला फांदी भिडलेलं रान लागतं. मधली चार झाडं तुटली की त्याची वाटच तुटते. खाली उतरलं की कुत्र्यांच्या तावडीत सापडतं.

आमच्यातल्या एकीनं माकडांपुढे बिस्किटं धरली. हिरडा वेचणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, चटक लावून तुम्ही जाल घरी. उद्या ती आमच्या घरात शिरतील." आम्ही ओशाळलो. आफ्रिकेच्या जंगलात गोरिला बघायला जाणाऱ्यांनाही लांबच उभं करतात, कारण माणसाची सर्दी गोरिलाला लागते. जनावर कुठलंही असो, माया लांबूनच करायची.

याच डोंगरात भीमा उगम पावते. पावसाचं पाणी झाडाखालच्या पाचोळ्यात मुरतं आणि झऱ्यांतून हळूहळू नदीला मिळतं. डोंगर उघडा झाला, तर पाणी मातीसकट एकदम वाहून जाईल. म्हणजे शेकरूचं रान राखलं, की आपली नदीही राखली जाते.

पुढे चासकमान धरण, मग भामा आणि तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. पंढरपूरला हीच भीमा चंद्रभागा होते. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं, आपल्या मोरीतलं पाणी भामा-इंद्रायणीतून तिथंच जातं. वारीला आपण त्यातच डोकं भिजवतो!

परत आल्यावर आम्ही दोन ठराव केले. सहलीला प्लास्टिक न्यायचं नाही, जनावरांना खायला घालायचं नाही. आणि पुढच्या ग्रामसभेत सगळ्याजणींनी मिळून विचारायचं, आपल्या गावचं सांडपाणी नक्की कुठं सोडतात? तुम्हीही तुमच्या गावात विचारा.