दंडाची कंडरा तुटते तेव्हा

मालमोटारीवरून घसरणारे धान्याचे पोते सावरण्यासाठी हमाल हात पुढे करतो आणि त्याच क्षणी कोपरापाशी कट्‌कन आवाज होऊन तीव्र कळ येते. काही वेळाने कळ ओसरते. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते. मग ‘लचक भरली असेल’ असे समजून तेल लावून दंड चोळण्यास प्रारंभ होतो. परंतु अशा वेळी कंडरा तुटलेली असू शकते, आणि कंडरा एक्स-रेमध्ये दिसत नाही.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरीच होय. हात वाकविल्यावर दंडावर जी बेटकुळी उठते, तो बायसेप्स स्नायू वरच्या टोकास दोन कंडरांनी खांद्याशी, तर खाली कोपरापुढे एका कंडरेने हाताच्या हाडाशी जोडलेला असतो. दोन्ही टोकांच्या दुखापतींतील सारा फरक या रचनेत आहे.

खांद्याकडील लांब कंडरा बहुधा पन्नाशीनंतर, झिजून तुटते. बेटकुळी कोपराकडे घसरते. दंड विचित्र दिसतो खरा, पण दुसरी कंडरा शाबूत असल्याने बळ फारसे घटत नाही. विश्रांती, बर्फाचा शेक व व्यायामोपचार यांवर पुष्कळांचे भागते. शस्त्रक्रियेचा विचार प्रामुख्याने तरुण व अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांच्या बाबतीत होतो.

कोपराकडील कंडरेची गोष्ट वेगळी. ही दुखापत मुख्यत्वे ४० ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांत आढळते. धूम्रपानाने धोका वाढतो. यात बेटकुळी खांद्याकडे सरकते, कोपराच्या पुढील भागी रक्त साकळून काळेनिळे होते आणि कुलपात किल्ली फिरविणे किंवा पान्याने नट आवळणे जड जाते. कोपर मात्र वाकतो, कारण बायसेप्सखालील दुसरा स्नायू ते काम करतो. नेमकी येथेच फसगत होते. कोपर काटकोनात वाकवून, तळहात वर करवून, डॉक्टर बाहेरील बाजूने कंडरेखाली बोट अडकवून पाहतात. बोट अडकले नाही, तर कंडरा तुटल्याचा दाट संशय धरावा. सोनोग्राफी वा एमआरआय तपासणीने निदान पक्के होते.

शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास ती दोन ते तीन आठवड्यांत व्हावी, हे उत्तम. पुढे तुटलेले टोक आक्रसून वर चिकटते आणि काम अवघड होते. प्रसंगी दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते. शस्त्रक्रिया न केल्यास हात वाकविण्याचे बळ सुमारे ३० टक्के, तर तळहात वर फिरविण्याचे सुमारे ४० टक्के घटते. बैठे काम करणाऱ्या वृद्धास हे चालू शकेल. ओझ्यावर पोट असलेल्यास नाही.

तेव्हा गावात असा प्रसंग घडल्यास हात झोळीत ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, चोळणे व ओढणे कटाक्षाने टाळावे आणि आठवड्याच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. शस्त्रक्रियेनंतर जड ओझे उचलण्यास साधारणतः चार ते सहा महिने लागतात. या काळात रुग्णास हलके काम मिळवून देणे पंचायत सदस्यांना अनेकदा शक्य असते.